विधात्याला नको, प्रसूतिगृहाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘विशेष मुलां’वरचा लेख वाचला. लेखिकेची तळमळ खरी आहे, त्याबद्दल आभार. पण ‘अशी मुलं का जन्माला येतात हे त्या विधात्यालाच ठाऊक’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

माझी मुलगी १९९६ सालची. तिला बौद्धिक अक्षमता आहे आणि तिचं कारण रक्ताच्या एका तपासणीत कळलं असतं. जन्मतःच तिची थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नव्हती. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब या तपासणीला पुरतात. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केली तर यातल्या बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच वाढते. कॅनडात क्विबेक प्रांतात १९७४ पासून नवजात बाळांची ही तपासणी होते आहे. आमच्या प्रसूतिगृहात कुणी हा विषयसुद्धा काढला नाही.

ती रडायची नाही. अंगावर पाजायला झोपेतून उठवावं लागायचं. महिना उलटला तरी कावीळ उतरेना, चार-चार दिवस शी नाही, आवाज घोगरा, बेंबी फुगलेली. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, ‘किती गं गुणी बाळ!’ आणि मी सुखावायचे. दहाव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, तेव्हा उलगडा झाला. गोळीनं उंची वाढली, ती चालू लागली. ते दहा महिने मात्र भरून आले नाहीत. सासरी ठरलं की ग्रहणात मी विळीवर बसले होते म्हणून हे झालं. तीस वर्षांनी तुमच्या पुरवणीत पुन्हा तेच वाचायचं का?

सगळ्यांचीच कारणं सापडत नाहीत, मान्य. पण डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं हे १९५९ पासून माहीत आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडणं, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातली आयोडीनची कमतरता, यांनीही मेंदूला इजा होते, आणि यातलं बरंच टाळता येतं. त्या लेखात याला चार ओळी मिळायला हव्या होत्या. मूल अठरा वर्षांचं झालं की आईसुद्धा कायद्यानं त्याची पालक राहत नाही, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी नव्यानं अर्ज करावा लागतो, हेही कुठे आलं नाही. मला ते बँकेच्या खिडकीत कळलं.

आणि फोटोखाली ‘मनोरुग्ण मुलांसमवेत मान्यवर’ असं छापलंत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात धरलेली नाही. माझी मुलगी आजारी नाही. ती पोळ्या लाटते, बसची पाटी वाचते, सुटे पैसे मोजताना चुकते. ती ओळ दुरुस्त करून छापावी आणि सोबत टाचेच्या त्या तपासणीची माहितीही द्यावी, ही विनंती.

आपली वाचक,
एक आई, मिरज