आधी भरतीचे वेळापत्रक, मग राजमुद्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल्पनिक किनारी देश कसा रचावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ध्वज, राजमुद्रा, सेनापतींच्या पदव्या, सणांची नावे, सगळे आहे. पाणी तेवढे नाही. अशा देशात सत्ता आणि सैन्य दोन्ही भरती-ओहोटीच्या हाती असतात, तेव्हा रचना तिथूनच सुरू व्हावी.

लेखातले नमुन्याचे आरमार रोज दुपारी बाराच्या भरतीवर खाडीत शिरते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. आठवड्याने त्याच बाराला ओहोटी असेल आणि जहाजे चिखलात बसतील. पाणी सारख्या वेगाने चढतही नाही. सहा तासांत ते बाराव्या हिश्श्यांच्या हिशेबाने साधारण १, २, ३, ३, २, १ असे वाढते. भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, तिसऱ्या तासात पुरा एक मीटर. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जड जहाज तो ओलांडेल, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, अडकेल. हे ज्या तांडेलाला, म्हणजे जहाज हाकणाऱ्याला, तोंडपाठ, त्याच्यापुढे सेनापतीचे काही चालत नाही. मग दरबारात तांडेलांची जागा कुठे, हे लेखकाने ठरवायला नको का? (आकाशात दोन चंद्र टांगणाऱ्यांनी तर सगळे गणित नव्याने मांडावे. बहुतेक जण टांगतात आणि विसरतात.)

आता सैन्य. वल्ह्यांच्या युद्धनौकेवर १५० वल्हेकरी आणि ५० सैनिक-खलाशी धरा. माणशी रोज चार लिटर म्हटले तरी दहा दिवसांचे पाणी आठ टन भरते. तेवढी पिंपे चढवली की नौका पाण्यात खोल बसते, वेग पडतो. म्हणून अशी नौका दर चार-पाच दिवसांनी किनारा धरणारच, आणि किल्ले गोड्या पाण्याच्या विहिरी राखायला बांधावे लागणार. घोडे न्यायचे असतील तर एकेका घोड्याला रोज २५-३० लिटर वेगळे.

लेखात अशा १०० नौका आहेत, म्हणजे २०,००० माणसे. देशाची वस्ती तीन लाख. कामाचे पुरुष फार तर पाऊण लाख. चौथ्या हिश्श्याहून जास्त पुरुष वल्ह्यांवर बसले तर मासे कोण धरणार, मीठ कोण ओढणार? ३० नौका कायम फिरत्या ठेवाव्यात, बाकी छपराखाली. पण लाकूड सतत पाण्यात राहिले तर समुद्री कीड पोखरते, आणि फार काळ कोरडे राहिले तर फळ्या आकसून सांधे उघडतात. अशी नौका घाईने लोटली की फळ्या फुगेपर्यंत पाणी आत येत राहते. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शंभर नौका निघत नाहीत त्या यामुळे.

राज्यकारभारासाठी व्हेनिस पाहावे. एकच घराणे डोईजड होऊ नये म्हणून तिथे १२६८ पासून प्रमुखाची, म्हणजे डोजची, निवड चिठ्ठ्या आणि मतदान आलटून पालटून होई: ३० जणांतून ९, त्यांनी निवडलेले ४०, त्यातून १२, पुढे २५, ९, ४५, ११ आणि शेवटच्या ४१ जणांनी डोज ठरवायचा, किमान २५ मतांनी. पद्धत किचकट खरी, पण प्रजासत्ताक १७९७ पर्यंत टिकले. लेखातल्या कल्पित देशाचा कारभार पाहणाऱ्या ‘सागरसभे’ला निदान कोणाची भीती आहे, एवढे तरी ठरलेले असावे.

शेवटचा मुद्दा नकाशाचा. राजधानी उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे आणि वाऱ्याची खूण कुठेच नाही. चौकोनी शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वारा समुद्रावरून चार महिने येत असेल, तर अशा शिडांवर चालणारे आरमार तेवढे दिवस बंदरातच अडकेल. मग नौकांची डागडुजी, न्यायसभा आणि लग्ने याच महिन्यांत येतील, आणि लेखातला नौकापूजनाचा सण आत्ता जिथे ठेवला आहे तिथून हलवून वारा पडण्याच्या दिवसावर न्यावा लागेल.

आपला,
एक वाचक