सूचनापेटी मुलांच्या खोलीजवळ लावा

महोदय,

गेली चार वर्षं दर शनिवारी मी आमच्या शहरातल्या एका बालगृहात मुलांचा अभ्यास घ्यायला जाते. त्यातली बरीच मुलं स्टेशनवर, सिग्नलला, मंडईत वाढलेली. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही; तिथल्या काळजीवाहू ताई जीव ओतून काम करतात.

मागच्या पावसाळ्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला. रात्री झोपेना. उठून व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली जाऊन बसायचा. दोनदा ओरडा खाल्ला, पळून जायच्या बेतात आहे असा शिक्काही बसला. वह्या गोळा करताना मी सहज विचारलं, तर म्हणाला, "ताई, फलाटावर लाइट कधी बंद होत नाय. अंधारात कोण जवळ येतंय ते कळत नाय." खोलीत झीरोचा बल्ब लावला आणि पोरगं झोपायला लागलं. तीन आठवडे त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 मध्येच मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा आणि त्याच्याविषयीच्या निर्णयांत सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 या वयोगटांच्या बालसमित्या हव्यात, त्याही फक्त मुलांच्या. सूचनापेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ असावी आणि दर आठवड्याला बालसमितीच्या मुलांसमोर उघडावी, इतकं बारकाईने लिहिलं आहे. मी पाहिलेली पेटी अधीक्षकांच्या दाराशेजारी आहे, तीही माझ्या डोक्याच्या उंचीवर. सहा वर्षांच्या मुलीने चिठ्ठी टाकायची कशी? आणि जिला अजून लिहिता येत नाही तिने काय करायचं? तिच्यासाठी चित्र चालेल, ताईंनी लिहून घेतलेलं चालेल.

रस्त्यावर राहिलेलं मूल कुठे जेवायचं, कुणावर विश्वास ठेवायचा हे रोज स्वतः ठरवत आलेलं असतं. बालगृहात आल्यावर त्याला साधं आमटी तिखट लागते का एवढंही विचारलं जात नाही. मग ते पळालं की आपण त्यालाच बोल लावतो.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाला माझी विनंती आहे की तपासणीला येताना रजिस्टरवरच्या सह्या पाहून परत जाऊ नये. बालसमितीतल्या मुलांसोबत, कर्मचाऱ्यांना बाहेर थांबवून, अर्धा तास बसावं. मागच्या महिन्यात मुलांनी काय मागितलं आणि त्याचं काय झालं, 'नाही' म्हटलं असेल तर का, हे जेवणघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला सांगावं.

– एक स्वयंसेविका, पुणे