६८४५ चित्र काढत नाही

महोदय,

‘ग्राफिक्स चिप चित्र काढते’ हे सरसकट विधान जुन्या संगणकांना लागू पडत नाही. मोटोरोलाची ६८४५ ही पडदा चालवणारी चिप एकही ठिपका काढत नाही. ती मुख्यतः मेमरीचे पत्ते आणि सिंकचे (पडद्यावरच्या ओळी जागेवर ठेवणारे) स्पंद पुरवते. अक्षरांचे ठिपके कॅरेक्टर रॉम (अक्षरांचे आकार साठवलेली मेमरी) आणि शिफ्ट रजिस्टर (ते ठिपके एकेक करून पुढे पाठवणारे) घडवतात. म्हणून चित्र वरखाली पळत असेल तर रॉम बदलण्याचा खटाटोप व्यर्थ. आधी ६८४५ च्या रजिस्टरांतले (चिपमधल्या मांडणीचे आकडे ठेवायच्या जागांतले) आकडे पाहावेत. गोम अशी, की आर-० (रजिस्टर क्र. ०) मध्ये ओळीतल्या एकूण अक्षरजागांपेक्षा एक कमी लिहायचा (९८ साठी ९७), पण दिसणारी ८० अक्षरे आर-१ मध्ये ८० अशीच.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ९९१८-ए या चित्र-चिपचे दुखणे वेगळे. तिची १६ केबी मेमरी प्रोसेसरच्या मेमरीपासून स्वतंत्र. तिथला पत्ता दोन बाइटांत द्यावा लागतो, आधी खालचा, मग वरचा. मध्येच इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा संकेत) येऊन चिपचे स्टेटस रजिस्टर (तिची स्थिती सांगणारे) वाचले गेले, की चिप पुढचा बाइट पहिलाच समजते आणि पडद्यावर कचरा उमटतो. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवावेत. एका आडव्या रेषेवरचा पाचवा स्प्राइट (पडद्यावर हलवता येणारी छोटी आकृती) गायब होतो, तो मात्र बिघाड नव्हे. मर्यादाच चारची आहे.

रेषा आणि वर्तुळखंड खरोखर स्वतः काढणारी चिप म्हणजे एनईसीची ७२२०.

– एक वाचक