अण्णा, वावर विकायचं नाही

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलो की अण्णा "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितोय. चष्मा लावून, सावकाश वाचा.

जे ठरलंय ते आधी सांगतो. बाळूच्या फौजेतल्या भरतीसाठी पैसे मागणाऱ्या त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. मी त्याला फोन करून तसं स्पष्ट सांगितलंय. विहिरीजवळच्या एकराचा इसार घेतला असेल तर या आठवड्यात परत करून टाका. त्यातले काही खर्चले असतील तर संकोच करू नका, मी पाठवतो. तुम्हाला न विचारता हे केलं म्हणून राग येईल. येऊ द्या, अण्णा. पण तुमचा शब्द मोडावा असं माझ्या मनात नाही. लेकराचं झुरणं बघवत नाही म्हणूनच बाप वावर काढायला निघतो, हे मला कळतं. ताईच्या लग्नातसुद्धा तुम्ही त्या एकराला हात लावू दिला नव्हता.

तो माणूस "माझ्यामुळं अमक्याचा पोरगा लागला" म्हणतो, त्यात दाखवायला नावं खरी असतात, म्हणून लोक फसतात. तो दहा-वीस जणांकडून पैसे घेतो आणि काहीच करत नाही. त्यातले दोघं-तिघं आपल्या पायांवर, आपल्या अभ्यासावर लागतात, त्यांचे पैसे तो ठेवतो. बाकीच्यांना थोडे परत करतो, थोडे "साहेबांना गेले" म्हणून सांगतो. लेखी परीक्षा संगणकावर होते, पळण्याची वेळ घड्याळ लावतं, मेडिकल लष्कराचे डॉक्टर करतात. यात त्याचा हात कुठंच पोचत नाही. सरकारची फी २५० रुपये होती, ती बाळूनं अर्जासोबत भरलीय. त्यापुढं जो मागेल तो लुबाडणारा.

आणि हिशेबही बघा. नोकरी मानाची आहे, पण अग्निवीराच्या, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेल्या जवानाच्या, हातात पहिल्या वर्षी महिन्याला २१,००० रुपये येतात, चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढं कायम करतात. बाकीचे सेवा निधीचे, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणारे, दहा लाख आणि वरचं व्याज घेऊन घरी येतात, पेन्शन नाही. घरी आल्यावर उभं राहायला ते एकर लागेल.

आता भरतीला इतका उशीर का लागतोय ते सांगतो, म्हणजे रोज पारावर बसून तर्क करायला नकोत. लेखी परीक्षा एका दिवसात होत नाही. देशभर कित्येक दिवस, वेगवेगळ्या पाळ्यांत होते, आणि सगळ्यांचे पेपर सारखे अवघड नसतात म्हणून गुण जुळवून घ्यावे लागतात. जनरल ड्यूटीचा, म्हणजे साध्या जवानाच्या जागेचा, पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, तासाभराचा. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण जातो, म्हणून घरी येऊन केलेला हिशेब आणि खरा निकाल यात फरक पडतो. निकालानंतर प्रत्येक भरती कार्यालय आपापली मैदानी भरती लावतं. मैदान, पाऊस, जिल्ह्याचा बंदोबस्त, सगळं जुळावं लागतं. आपला लातूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो आणि मामाचं नांदेड छत्रपती संभाजीनगरच्या. तिकडची पोरं पळून आली आणि बाळूला बोलावणं नाही, यात घाबरायचं काहीच नाही. दोन्हींच्या तारखांचा एकमेकांशी संबंध नसतो.

सगळ्यात लांब थांबणं मैदानानंतरचं असतं. मेडिकलमध्ये जी पोरं अनफिट ठरतात त्यांना लष्करी रुग्णालयात फेरतपासणीची संधी मिळते. त्यांचे निकाल आल्याशिवाय शेवटची यादी लागत नाही. म्हणजे बाळू पहिल्या दिवशी फिट झाला तरी त्याला बाकीच्यांसाठी थांबावंच लागणार. यादी लेखी आणि मैदानी गुण मिळून लागते, आणि जागा असतील तेवढीच नावं येतात. पळून पास झाला म्हणजे लागला नाही, मेडिकल फिट झाला म्हणजेही लागला नाही. त्यामुळं अण्णा, स्टँडवर फ्लेक्स लावायचा नाही, पेढे वाटायचे नाहीत, चुलत्यांनी आग्रह केला तरी नाही. ट्रेनिंग सेंटरला जायची तारीख हातात पडली की मी स्वतः पेढ्यांचे पैसे पाठवीन. आधी फ्लेक्स लागला आणि नाव यादीत आलं नाही तर पोरगं गावात तोंड दाखवू शकत नाही. तो मार फार वाईट असतो.

पोस्टमनला रोज विचारू नका. सगळं भरतीच्या संकेतस्थळावर येतं, त्याच्या लॉगिनमध्ये आणि ईमेलवर. म्हणून एक काम लगेच करायला सांगा. अर्ज भरताना केंद्रावाल्यानं स्वतःचा ईमेल तर टाकला नाही ना, हे बाळूनं आज तपासावं. हे फार ठिकाणी होतं, आणि मग मैदानाचं प्रवेशपत्र केंद्रावाल्याच्या ईमेलवर पडून राहतं. पासवर्ड वहीत लिहून आईच्या ट्रंकेत ठेवा. ज्या नंबरनं अर्ज भरलाय ते सिम बंद पडता कामा नये, ओटीपी त्याच्यावरच येतो.

कागदांची घाई करू नका आणि उशीरही करू नका. रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, त्याला वेळ लागतो. पण सरपंचाचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, फोटो तीन महिन्यांच्या आतले. ते आत्ता काढले तर मैदानाच्या दिवशी जुने ठरतील. मैदानाची तारीख आली की दुसऱ्या दिवशी काढायचे. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे, स्टुडिओवाल्यानं चेहरा गोरा न केलेले, वीसेक प्रती. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, अण्णांचं आणि आईचं नावसुद्धा. शाळेत आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, असं आपल्याकडं घरोघरी असतं. गुणपत्रिका प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्या. मैदानावर मोबाइल पूर्ण चार्ज करून, नेटपॅक टाकून न्यावा लागतो, कारण अनुकूलता चाचणी, म्हणजे पोरगं फौजेच्या जगण्याला जुळेल का ते बघणारी, त्याच्यावर होते. हे माहीत नसल्यानं पोरं ऐनवेळी धावपळ करतात.

पळण्याचं सांगतो, कारण अण्णा त्याला पहाटे चारला उठवतात असं कळलं. उठवू नका. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण, त्यानंतर ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत ४८. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर एका फेरीला ८२ सेकंद मिळतात. हे रोज जीव तोडून पळल्यानं येत नाही, उलट नडगी धरते, आणि एकदा नडगी दुखायला लागली की महिना वाया जातो. आठवड्यात एक दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, एक दिवस चारशेच्या पाच-सहा फेऱ्या मध्ये विश्रांती घेऊन, एक दिवस मधल्या वेगानं, बाकी दिवस हलका व्यायाम आणि एक दिवस पूर्ण आराम. घड्याळ लावून पूर्ण अंतर पंधरा दिवसांतून एकदाच. डांबरी रस्त्यावर नको, शाळेच्या मैदानावर किंवा मुरमाच्या रस्त्यावर. पावसात काळ्या रानाच्या वाटेनं तर मुळीच नको, चिखल बुटाला धरतो आणि पाय मुरगळतो. बीमचे, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढण्याचे, दहाला ४० गुण असतात आणि सहाला फक्त १६, पण पोरं पळण्याच्या नादात बीम विसरतात. अंग न झुलवता, हनुवटी दांड्यावर नेऊन मारलेलाच धरतात. लिंबाला लोखंडी पाइप बांधून द्या, तेवढं पुरे.

आई, खाण्याचं तू बघ. भाकरी, मोडाची मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी, यापलीकडं काही लागत नाही. डब्यातली पावडर आणि ताकदीची इंजेक्शनं घरात येऊ देऊ नको. उत्तेजक घेतलेलं सापडलं की पोरगं बाद होतं. आणि त्याच्या कानात तेल घालू नको, आई. आमचं डोकं मांडीवर आडवं करून तू वाटीतलं कोमट तेल सोडायचीस, मग कापसाचा बोळा लावून "हलू नको रे" म्हणत थोपटायचीस, ते मला अजून आठवतं, कान दुखत नसतानासुद्धा आम्ही दुखतो म्हणायचो. पण मेडिकलमध्ये कानात मळ असला की पडदा दिसत नाही आणि तेवढ्यावर पोरगं अडकतं. मैदानाच्या आधी लातूरला कानाच्या डॉक्टरकडून साफ करून घ्यायचा. काडी, पिन काही नाही. किडलेले दात त्याच खेपेत भरून घ्या. जत्रेत हातावर काही गोंदवायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागं एवढंच चालतं, त्यामुळं सरळ नकोच.

लग्नाचंही बोलू नको. अर्ज करताना पोरगा अविवाहित लागतो आणि अग्निवीराची चार वर्षं संपेपर्यंत लग्न करता येत नाही. पाहुण्यांना आत्ताच सांगून टाक, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

गावात लोक विचारतील, "तुमचा एक पोरगा फौजेत असताना दुसऱ्याला कशाला थांबावं लागतं?" माझ्या नोकरीचा जो नियमातला उपयोग आहे तो मी करतोय. युनिट हेडक्वार्टर कोट्याच्या, म्हणजे फौजींच्या घरच्यांसाठीच्या, भरतीत सख्ख्या भावाला उतरता येतं, त्यासाठी नातेसंबंध प्रमाणपत्राचा अर्ज मी दिलाय. पण पळणं, बीम, मेडिकल तिथंही तसंच. साहेबाला सांगून काही होत नाही, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरं ठरवलंय ते म्हणजे बाळूचं कॉलेज सुटणार नाही. फी मी भरलीय. तुम्हाला वाटेल, भरतीच्या तोंडावर कशाला. कोरोनात दोन वर्षं भरती झाली नाही. त्याआधी मैदान आणि मेडिकल पार केलेली पोरं लेखीची वाट बघत बसली. जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे ही अग्निवीरांची योजना, आली आणि जुनी भरती रद्द झाली. वय त्या वर्षापुरतं २३ केलं, तरी कितीतरी पोरं बाद झाली. ज्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं त्यांचं फार वाईट झालं. म्हणून कॉलेजमध्ये एनसीसी घ्यायची, सी प्रमाणपत्राला भरतीत बोनस गुण असतात. पोलीस भरतीचा अर्ज भरायचा, तिथंही १६०० मीटरच पळायचं असतं, आणि खुल्या गटाला २८ वर्षांपर्यंत वय चालतं. एसएससी जीडीचाही, म्हणजे सीआरपीएफ-बीएसएफसारख्या दलांच्या भरतीचा, भरायचा. तिथं मात्र ५ किलोमीटर २४ मिनिटांत आणि उंची १७० सेंटिमीटर लागते, बाळूची उंची नीट मोजून घ्या, भिंतीला टेकून, सकाळी. याचा अर्थ माझा त्याच्यावर भरवसा नाही असा अजिबात नाही. रिकामं बसून वाट बघणाऱ्या पोराचा धीर आधी सुटतो आणि मग दम सुटतो.

त्याच्यासमोर दुसऱ्यांच्या पोरांच्या गोष्टी काढू नका. कुणी विचारलं तर "चालू आहे" एवढंच म्हणा, चर्चा नको. सोयाबीनच्या राशीला त्याला घ्या, कामात मन लागतं, पण जड कट्टे उचलायला लावू नका, पाठ धरेल. तो रात्रभर मोबाइल घेऊन जागायला लागला, जेवण टाकायला लागला, मित्रांना टाळायला लागला तर रागवू नका. त्याच दिवशी मला फोन करा. मी उचलला नाही तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, लावा, फोन फुकट असतो आणि मराठीतून बोलतात.

अण्णा, तुमच्या बीपीच्या गोळीचं आईनं सांगितलं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नसते, गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय. सकाळी चहाआधी गोळी, आणि महिन्याला आरोग्य केंद्रात बीपी बघून आकडा कॅलेंडरवर लिहा. सुट्टीला आलो की मी ते बघणार आहे. आई, गुडघ्याचा पट्टा मी पाठवलाय, दिवसा लाव, रात्री झोपताना काढ, आणि विहिरीवरून घागर आणायची नाही. ते बाळूला सांग, त्याचा व्यायाम होईल. इकडं माझं जेवण, पांघरूण, सगळं व्यवस्थित आहे. थंडीची काळजी करू नका, सरकारी स्वेटर दोन आहेत.

ताईला आशीर्वाद, पिल्लांना पापा.

तुमचा,
दत्ता

ता. क. इसार परत करताना लिहून घ्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, तोंडी नको. त्या माणसाकडं बाळूची मूळ गुणपत्रिका ठेवली असेल तर ती आधी मागा. तो टाळायला लागला तर पोलीस पाटलांना सोबत घेऊन जा, आणि त्याच संध्याकाळी मला कळवा.