बापूचं नाव घेऊ द्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मावशीनं माझ्या गच्चीवरचा फोटो तुम्हाला दाखवला आणि आई, लगेच तुझा फोन आला. "दगडं मांडून काय बसायलीस गं? कुण्या बुवाच्या नादी तर लागली नाहीस?" बाबा शेजारीच बसले होते, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. त्यांच्यासमोर फोनवर बोलता येईना, म्हणून हे पत्र.

बुवा कुणी नाही. आमच्या कॉलनीतल्या चार-पाच बायका पौर्णिमेला गच्चीवर बसतो. एकीचा नवरा गेला, एकीचं बाळ जन्मताच गेलं, एकीची आई. प्रत्येकीकडे एक खडा असतो. तो हातात धरायचा, गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याला सांगायचं राहून गेलेलं सांगायचं. मध्ये कुणी बोलत नाही. 'रडू नको' असं तर कुणीच म्हणत नाही. सगळ्यांचं झालं की कोजागरीसारखं आटीव दूध पितो आणि घरी जातो. मी तिथं माझ्या भावाचं, बापूचं नाव घेते. दुसरीकडे कुठं घ्यायला मिळतं, सांगा.

माझा खडा जांभळा आहे. अजिंठा लेणी बघायला गेलो तेव्हा तिथल्या विक्रेत्याकडून घेतला. बाबा, हे खडे परदेशातून आलेले नाहीत, आपल्याच काळ्या दगडातले आहेत. विहिरीला सुरुंग लावला तेव्हा फुटलेल्या दगडाच्या पोटात पांढरे चमकणारे खडे निघाले होते, आठवतं? बापूनं चड्डीच्या दोन्ही खिशांत भरले आणि शाळेत वाटत सुटला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून खनिजं येत गेली आणि त्या पोकळ्यांत कणाकणानं स्फटिक वाढले. मला हे वाचून फार बरं वाटलं. कुणाच्याही नजरेआड, अंधारात, एवढं देखणं काही घडत होतं.

पण हा खडा दुःख ओढून घेतो, असं मी मानत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात क्रिस्टोफर फ्रेंच नावाच्या मानसशास्त्रज्ञानं काही लोकांच्या हाती खरे स्फटिक दिले, काहींच्या हाती नकली. हातात ऊब आली, झिणझिण्या आल्या, असं दोन्हीकडच्या लोकांनी सारखंच सांगितलं. चांदण्यात ठेवून खड्यात शक्ती भरते म्हणतात, तेही तसंच. पौर्णिमेचा उजेड म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, तेही उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी मंद. जांभळा खडा कडक उन्हात राहिला तर त्याचा रंग मात्र उडतो, म्हणून मी तो उन्हात ठेवत नाही.

मग बसतेस कशाला, असं तू विचारशील. पौर्णिमा मला विचारून येत नाही, म्हणून. कामाच्या धबडग्यात मी रडणं पुढं ढकलत राहते, आणि मग एखाद्या दिवशी भाजी घेताना भर बाजारात हुंदका फुटतो. आता ठरलेली रात्र आहे. हातात काहीतरी घट्ट धरायला आहे, समोर ऐकणारी माणसं आहेत. ती रात्र झाली की पुढचे काही दिवस झोप लागते.

आणि आई, आपल्याकडे गेलेल्या माणसाची आठवण चंद्रावरच तर चालते. श्राद्ध तिथीला, पितरांना पान सर्वपित्री अमावस्येला. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, प्रत्येक जण बापूबद्दल बोलत होता. चौदाव्या दिवसापासून आपल्या घरात त्याचं नाव बंद झालं. त्याची गाडी ताडपत्रीखाली झाकली गेली. बाबा जेवताना मान वर करत नाहीत आणि तू स्वयंपाकघरात नळ सोडून रडतेस. नळाचा आवाज मला कळतो गं.

वर्षश्राद्ध झालं, तरी बाबांनी येळवशीला, वेळा अमावस्येच्या शेतपूजेला, शेतात कडब्याची कोप केली नाही. यंदा करावी, हे मागण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं. पाच दगड मांडून पांडव पूजायचे, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, उंडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून वाढायचं. पांडवांना चुना लावायचं काम बापूचं असायचं, निम्मा चुना त्याच्याच अंगावर. ही गोष्ट मला कोपीत बसून तुमच्या तोंडून ऐकायची आहे. पंगतीत कुणी त्याचा विषय काढला, तर बाबा, उठून बांधावर जाऊ नका. रडू आलं तर येऊ द्या. आम्ही सगळे तिथंच असू.

बाबांच्या झोपेसाठी तालुक्याच्या गावचा कुणी अकरा हजारांचा खडा देतो म्हणतो, तो घेऊ नका. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. आणि खडा बुडवून ठेवलेलं पाणी तर पिऊच नका. हिरव्या मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, काही खनिजांत शिसं. ते पोटात जाणं बरं नाही. इतके महिने झोप नाही, जेवण तुटलंय, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतील, मी सोबत येईन. तोवर रात्री फार घाबरं झालं तर 14416 वर फोन लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, कुठल्याही वेळी चालते.

मी येळवशीच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येते. येताना चुना आणते. बाबा, कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या राखून ठेवा, सगळा विकू नका. आई, तुरीच्या आणि वालाच्या शेंगा सोलायला माझी वाट बघ, एकटीनं बसू नकोस. मावशीलाही बोलाव.

तुमची,
ताई