बेणणीची एकूण रक्कम मे महिन्यात ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की कोकणात आंबा-काजूच्या बागांचे बेणणीचे, म्हणजे गवत कापून बाग साफ करण्याचे, सौदे फोनवर ठरतात. ‘दोन एकर आहे, दोनदा कापायचं, एकूण किती घ्याल?’ एवढ्यावर आकडा ठरतो आणि सप्टेंबरात कुरबुर सुरू होते. बागायतदाराला वाटतं ग्रासकटरवाला अडून बसला, ग्रासकटरवाल्याला वाटतं आपण फसलो. बहुतेक वेळा लबाडी कुणाचीच नसते. आकडा जमीन धरून ठरलेला असतो आणि घाम मात्र गवतावर गाळावा लागतो.

गवत किती वाढेल हे मे महिन्यात कुणालाच सांगता येत नाही. २०२३ साली मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि अडकला. मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ साली हाच पाऊस २५ मे रोजी तळकोकणात हजर होता. त्यात आपल्याकडे ‘गणपतीपूर्वी एक कापणी’ ठरलेली. गणेश चतुर्थी २०२३मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये २७ ऑगस्टला. ऑगस्टअखेर कापलेलं गवत पुढच्या महिनाभराच्या पावसावर पुन्हा उठतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ते कणीस धरायच्या बेतातलं, ताठ झालेलं असतं. कापायला जड, पण पाऊस वेळेवर गेला तर पुन्हा फारसं फुटत नाही. कराराच्या कागदावर दोन्ही वर्षी शब्द तेच, काम मात्र वेगळं.

एकाच बागेतही गवत एकसारखं नसतं. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, चार बोटं मातीतलं गवत आठ-दहा दिवस उघडीप पडली की पिवळं पडतं. त्याच बागेच्या खालच्या अंगाला, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी), ते कमरेला लागलेलं असतं. कलमांना जून-जुलैत खत घातलेलं असतं, त्या आळ्यांभोवती सगळ्यात जोमदार. शिवाय सलग मुसळधार आणि काळोख असेल तर वाढ रेंगाळते, आणि एक सर, मग चार तास ऊन असा खेळ सुरू झाला की आठवड्यात वीतभर चढतं.

सध्या चालणाऱ्या पद्धतींत रोजावर काम दिलं तर वाढीचा सगळा भार मालकावर पडतो. एकरी ठोक दिलं तर सगळा कापणाऱ्यावर. काही जण पेट्रोलच्या लिटरवर हिशोब करतात. वरवर ते बरोबर वाटतं, कारण जाड गवताला पेट्रोल जास्त लागतं. पण एअर फिल्टर तुंबलेलं, कार्ब्युरेटर बिघडलेलं मशीनही जास्त पितं, आणि ते बिल मालकाच्या माथी बसतं. ३५ सीसीचं चार-स्ट्रोक आणि ५२ सीसीचं दोन-स्ट्रोक एकाच मापाने मोजणंही चूकच.

आमच्या मते दर गुंठ्याचा ठरवावा, पण गवताच्या उंचीच्या तीन पायऱ्यांनी. चढ फारसा नसेल तर गुडघ्यापर्यंतचं कोवळं गवत एक माणूस एका मशीनवर दिवसात साधारण ४० गुंठे, म्हणजे एकरभर, काढतो. कमरेपर्यंतचं असेल तर २५ गुंठ्यांच्या आसपास. छातीला लागलेलं, वेल चढलेलं, मधे रानमोडीचं झुडपी तण माजलेलं असेल तर १५ गुंठे झाले तरी पुष्कळ. म्हणून पहिल्या पायरीचा दर एक धरला तर दुसरीचा दीडपट आणि तिसरीचा अडीचपट असावा. मे महिन्यात फक्त हे दर ठरवावेत, एकूण रक्कम नाही. उंची कापणीच्या दिवशी दोघांनी मिळून पाहावी: खुणा केलेली काठी बागेत पाच-सहा ठिकाणी उभी करायची, आळ्यांजवळची जागा टाळायची, फोटो काढायचे. मालक मुंबईला असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर गेले की झालं. खालचा आणि वरचा भाग वेगळा असेल तर गुंठे वेगळे मोजावेत.

तरीही वाद वाटला तर एक गुंठा कापून पाहावा. दोरीने ३३ फूट बाय ३३ फूट आखायचं, टाकी काठोकाठ भरायची, घड्याळ लावायचं. समजा १४ मिनिटं लागली आणि टाकी पुन्हा भरायला २०० मिली पेट्रोल गेलं. एकराला ५६० मिनिटं आणि ८ लिटर. आठ तासांच्या दिवसात मशीन प्रत्यक्षात साडेपाच तासच चालतं. बाकी वेळ पेट्रोल भरणं, नायलॉन दोरी बदलणं, पातं घासणं आणि थरथरीने बधिर झालेले हात सैल करणं यात जातो. म्हणजे हे काम पावणेदोन दिवसांचं. यात तोंडी घासाघीस करायला फारशी जागा उरत नाही.

खरा तंटा असतो उशिरावरून, आणि त्याबद्दल करारात चकार शब्द नसतो. तारीख ठरवण्याऐवजी ‘गवत गुडघ्याला लागलं की मालकाने कळवायचं, कापणाऱ्याने आठ दिवसांत यायचं’ असं लिहावं. मालकाने कळवलंच नाही आणि गवत कमरेला गेलं, तर वरच्या पायरीचा दर त्याने द्यावा. कळवूनही कापणारा तीन आठवडे फिरकला नाही, तर त्याला खालच्याच पायरीचे पैसे मिळावेत. गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचीच घाई असते, पण हे कलम तेव्हाही लागू राहावं. मात्र पावसाने बंद राहिलेले दिवस या आठात धरू नयेत. ओलं गवत गिअरहेडला गुंडाळतं, संरक्षक जाळीत लगदा होतो आणि चढावर पाय ठरत नाही, त्यामुळे भर पावसात मशीन चालवणं परवडत नाही.

काही गोष्टी गुंठ्याच्या दरात घालू नयेत. लहान कलमाच्या बुंध्याला नायलॉन दोरी लागली की साल गोल सोलली जाते आणि कलम वाळतं, म्हणून बुंध्याभोवतीचा फूट-दीड फूट कोयतीनेच काढावा आणि त्याचे पैसे कलमामागे वेगळे द्यावेत. ठिबकच्या नळ्या आणि गवतात दडलेले चिरे मालकाने आधी दाखवावेत, खुंट्या मारून द्याव्यात. जांभ्यावर आपटून पात्याचा दात उडाला तर खर्च खूण नसलेल्या ठिकाणी मालकाचा, खूण असूनही आपटलं तर चालवणाऱ्याचा. दगड उडतो म्हणून १५ मीटरच्या आत गुरं-माणसं नसावीत, हे तर ओघाने आलंच.

आगाऊ ठोक दराने देता येईल असं एकच काम आहे, गडग्याकडेची (दगडी कुंपणाकडेची) जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, वाढ थांबलेली असते, म्हणून तिचा दर लांबीच्या मीटरवर पावसाळ्याआधीही ठरवता येतो. पट्ट्याची रुंदी तेवढी कागदावर लिहा, आणि कापलेलं गवत ओढून बाजूला करणं दरात धरलंय की नाही, तेही.

आपले,
ग्रासकटरवर बेणणीची कामं घेणारे काही व्यावसायिक
(राजापूर-लांजा परिसर)