पेटीच्या मास्तरांना, गायकवृंदाकडून

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी दिलेलं पाकीट तुम्ही तसंच परत केलंत, आणि आम्ही काही बोलायच्या आत निघूनही गेलात. म्हणून हे आभार चारचौघांत मांडतो आहे.

त्या उपासनेत आम्ही गायलेलं गीत जर्मन संगीतकार बीथोव्हनच्या चालीवरचं. नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागातली ही चाल ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा रचणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. पुढं हेन्री व्हॅन डाइक या अमेरिकन पाळकांनी १९०७ मध्ये तिच्यावर देवाच्या स्तुतीचे इंग्रजी शब्द बसवले. आमचे मराठी शब्द मंडळीतल्याच एका निवृत्त शिक्षिका बाईंचे.

तुम्ही आमच्या मंडळीतले नव्हे. भजनाला, नाट्यगीताला साथ करणारा तुमचा हात. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई केलं, तिथला पेटीवाला या चालीला रागदारीचा साज चढवणार, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही सरगम लिहून घेतलीत: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळे स्वर शुद्ध, थाट बिलावल. पण लगेच म्हणालात, "थाट म्हणजे राग न्हवं. हिला हिच्या अंगानं जाऊ द्या." तान नाही, मुरकी नाही. पट्टी तेवढी पांढरी पाचवरून चारवर आणलीत, म्हणजे वरचा पंचम वयस्करांनाही झेपेल.

शब्दांवर तुम्ही घेतलेली मेहनत मात्र मला विस्तारानं सांगायची आहे. रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्या तोंडी सहज बसतात, कारण त्यांचा छंद इथल्याच मातीतला. परक्या चालीवर मराठी अक्षरं ओढली जातात. पहिल्या ओळीच्या शेवटी 'दयाळा' होतं. तिथं पहिला स्वर दीड मात्रेचा, दुसरा अर्धीचा, तिसरा दोन मात्रांचा. 'द' लांबायचा, 'या' चिरडायचा, ऐकू यायचं 'दाऽयळा'. तुम्ही भाता थांबवलात. "बोलताना जसं म्हणतासा, तसंच गाण्यात यायला पायजे." मग बाईंच्या शेजारी जाऊन बसलात आणि विचारलंत, 'सर्वदा' चालेल का? गुरू, लघू, गुरू. नेमकं बसलं. बाईंना विचारल्याशिवाय एक अक्षर हलवायचं नाही, हे तुम्ही शेवटच्या कडव्यापर्यंत पाळलंत. लिहिणाऱ्याचा असा मान राखणारा साथीदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि ती तिसरी ओळ! 'सा रे' म्हणत चाल एकदम मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'वर उतरते, आणि चौथ्या मात्रेलाच पुढच्या ओळीचा गंधार, म्हणजे 'ग', उचलून समेवरून, पुढच्या पहिल्या मात्रेवरून, पार होते. बऱ्याच गीतपुस्तकांत ही उचल सपाट केलेली असते, गंधार आपला समेवर येऊन बसतो. तुम्ही मूळ सिंफनी ऐकून आलात आणि ती जागा परत आणलीत. समेच्या आधी उडी मारायचं धाडस आमच्या अंगात यावं म्हणून किती वेळा टाळी धरून बसलात! रविवारी ती जागा सगळ्यांनी एकदम घेतली आणि बायकांच्या रांगेतून मागं वळून तुमच्याकडं पाहिलं गेलं. धन्यवादाच्या गीतात तो आनंद असा उसळून यायलाच हवा होता, मास्तर.

तुमच्या अक्षरातलं स्वरलेखन आम्ही फाइलला लावलं आहे. मिरजेच्या गायकवृंदानं त्याची प्रत मागितली आहे. तुमची हरकत नसेल तरच देऊ. आणि आमच्यातली एक मुलगी पेटी शिकायला तयार आहे, तिला कधी पाठवू तेवढं कळवा.

आपला नम्र,
गायकवृंदातला एक
कोल्हापूर